परदेशीं जाणारा माल व त्याची बांधणी



मी बिबवेवाडीस राहतों. ज्या मोठ्या बाजारास सारें पुणें 'मार्केट यार्ड' या नांवानें ओळखतें, तो गुलटेकडीचा बाजार आमच्या घरापासून फार दूर नाहीं. पहाटे तुमच्या वह्या तपासावयास बसलों कीं त्या बाजाराकडे जाणाऱ्या मालगाड्यांचा घरघराट कानीं पडूं लागतो. सुटीच्या दिवशीं मी तिकडे एक फेरी मारतों. पाहावें तर प्रत्येक जिन्नसाचा पोषाख निराळा. कांदे-बटाटे गोणींत, पालेभाजी जुड्यांत, टोमॅटो प्लास्टिकच्या क्रेटमध्यें, गूळ ढेपेच्या रूपांत, आणि चैत्र-वैशाखांत कोंकणचा हापूस पेटींत. हा पोषाख शोभेसाठीं नसतो. मळ्यापासून बाजारापर्यंतचे एक-दोन दिवसांचे हाल सोसण्यापुरता तो असतो.

मग ज्या मालाला दोन दिवस नव्हे तर तीन आठवडे, आणि डांबरी रस्त्यावरून नव्हे तर खाऱ्या समुद्रावरून जावयाचें आहे, त्याचा पोषाख कसा असावा? या लेखांत तेवढ्याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतों, कारण शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या चांगली ध्यानांत राहते. कांहीं वर्षांपूर्वीं माझा भाचा शिक्षणासाठीं इंग्लंडांत होता. माझ्या आईनें आपल्या हातानें लिंबाचें लोणचें घातलें आणि नातवास चार ओळींचें पत्र लिहिलें. कांचेची बरणी मीं पुठ्ठ्याच्या एका खोक्यांत ठेवली व वरून वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले. खालीं मात्र कांहींच घातलें नाहीं. पत्र बरणीशेजारीं सरकविलें, खोकें सुतळीनें आडवें-उभें बांधलें, आणि शाईनें पत्ता लिहिला. तीन आठवड्यांनीं भाच्याचें उत्तर आलें. बरणीचा तळ फुटला होता, तेल सर्वत्र पसरलें होतें, पत्ता अर्धाअधिक पुसला होता, आणि आजीच्या पत्रांतील एकहि अक्षर लागत नव्हतें. त्यानें मोठ्या मनानें लिहिलें होतें, "मामा, वास मात्र घरचा आला." त्याच वर्षीं आई गेली. तें पत्र पुन्हां लिहिलें जाणें शक्य नव्हतें. टपालास दोष देण्यांत अर्थ नव्हता. दोष माझ्या बांधणीचा होता.

त्या दिवशीं एक गोष्ट मला उमगली. पेटी उघडली जाते तेव्हां पाठविणारा तेथें नसतो. 'ही बाजू वर ठेवा', 'जरा जपून उतरवा', 'निघतांना माल चांगला होता', असें सांगावयास तो तेथें उभा नसतो. म्हणून जें सांगावयाचें तें पेटीनेंच सांगितलें पाहिजे, आणि जें सोसावयाचें तें पेटीनेंच सोसलें पाहिजे. माल बांधण्याची सारी विद्या या एका गोष्टींतून निघते.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या दोन नगरांचा उल्लेख आहे. तेथून अकिकासारखे खडे, जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनीं भडोचच्या बंदरास नेत व तेथून तीं समुद्रापार जात. खडा फुटत नाहीं व कापड कुजण्यास वेळ लागतो. परंतु आज आपला शेतकरी त्याच समुद्रावरून द्राक्षें पाठवितो. द्राक्ष म्हणजे पातळ सालींत भरलेलें पाणीच होय. तें तीन आठवडे टिकवून परक्या देशांत ताजें पोंचविणें ही या विद्येची खरी कसोटी आहे. म्हणून आपण द्राक्षाचेंच उदाहरण घेऊं.

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणें या जिल्ह्यांतील द्राक्षें युरोपास जातात. १९९१ सालीं बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही संस्था पुण्यांत स्थापन केली. या कामीं राज्य कृषि पणन मंडळाचें साहाय्य होतें, आणि त्या मंडळाची मुख्य कचेरी आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतच आहे. १९९७ सालीं मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघालें. म्हणजे परदेशांतील एखाद्या घरच्या ताटांतील घडामागें आपल्या शहराचेहि परिश्रम असतात.

गेल्या फाल्गुनांत नववीच्या मुलामुलींस घेऊन मी जुन्नर तालुक्यांतील एका पॅकहाऊसमध्यें गेलों होतों. पॅकहाऊस म्हणजे माल निवडण्याचें, बांधण्याचें व थंड करण्याचें घर. तेथें जें पाहिलें तें क्रमानें सांगतों.

पहिली पायरी तोडणीची. आंबा झाडावरून उतरल्यानंतर आढींत पिकतो. द्राक्षाचें तसें नाहीं. तें वेलीवरून तुटलें कीं त्याची गोडी वाढावयाची थांबते. म्हणून रसाचा एक थेंब कांचेवर ठेवून डोळ्यास लावावयाच्या रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या लहान यंत्रानें साखर मोजतात, आणि ती पुरेशी भरली तरच घड तोडतात. तोडणी सकाळीं, ऊन तापण्यापूर्वीं होते. घड देठाला धरूनच उचलतात. मण्यावर जो पांढुरका लेप असतो, तो फळाचा नैसर्गिक पोषाख होय. आपल्या बोटांनीं तो पुसला जातो व फळ शिळें दिसूं लागतें.

दुसरी पायरी निवडीची. डोक्यास टोपी बांधलेल्या बायका ओळीनें बसून लहान कात्रीनें घडांतील चिरलेले, डागाळलेले व बारीक मणी काढीत होत्या. आमच्या एका विद्यार्थ्यास तें पाहून हळहळ वाटली. त्यानें विचारलें, "मावशी, घड तर चांगला दिसतो. मग त्यांतले मणी कां कापतां?" हात न थांबवितां ती म्हणाली, "बाळा, एक चिरका मणी आत ऱ्हायला, तर त्याचं पाणी शेजारच्याला लागतं अन् बुरशी धरती. एका मण्यापायी समदा खोका जातो. तितं खोका उघडत्यात तवा मालक काय सांगाया उभा ऱ्हातोय व्हय?" जें शिकण्यास मला आईचें पत्र गमवावें लागलें, तें ही बाई रोजच्या कामांतून शिकली होती.

तिसरी पायरी भरणीची. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांत प्रथम प्लास्टिकचें अस्तर घालतात. तळाशीं हवेचे फुगे असलेली मऊ गादी अंथरतात. माझ्या बरणीखालीं जी नव्हती तीच ही गादी! घड एकमेकांस घासूं नयेत म्हणून ते लहान पिशव्यांत किंवा पारदर्शक डब्यांत ठेवतात. खोक्यांत माल दाबून कोंबीत नाहींत, आणि हालेल इतका सैलहि ठेवीत नाहींत. दाबलेला मणी फुटतो व हालणारा मणी देठापासून सुटतो.

चौथी पायरी थंड करण्याची. मळ्यांतून आलेल्या फळांत दिवसाची उष्णता सांठलेली असते. भरलेलीं खोकीं एका बंद खोलींत रचून, त्यांच्या भोकांतून थंड हवा जोरानें ओढतात. कांहीं तासांत फळाच्या गराचें उष्णतामान ४ अंश सेल्सिअसच्या खालीं येतें. यासच पूर्वशीतन म्हणतात. मग प्रत्येक खोक्यांत वरच्या बाजूस औषधी कागद ठेवतात व अस्तर मिटतात. त्या कागदांतील द्रव्यास ओल लागली कीं त्यांतून गंधकाचा वायु मंद मंद सुटतो व बुरशीस आळा बसतो. खोकें गरम असतांनाच कागद ठेवला तर फळास सुटलेल्या घामानें सारा वायु एकदम बाहेर पडेल. मणी पांढरे पडतील आणि प्रवासाच्या शेवटीं रक्षणास कांहीं उरणार नाहीं. यानंतर जहाजावर चढेपर्यंत माल शून्य अंशाच्या आसपास ठेवतात.

आतां खोक्याकडे वळूं. येथें तुम्हांस घरीं करतां येण्याजोगा एक प्रयोग सांगतों. वहीचा एक कागद दोन पेल्यांवर पुलासारखा ठेवा व त्यावर दोन-चार खडू ठेवा. कागद खचेल. आतां त्याच कागदास पंख्यासारख्या बारीक घड्या घालून तो पुन्हां ठेवा. तेच खडू तो सहज तोलून धरील. पन्हळी पुठ्ठ्याचें मर्म हेंच आहे. दोन सपाट कागदांमध्यें एक घड्यांचा कागद चिकटविला कीं तीन पदरी पुठ्ठा होतो. त्यांत आणखी भर घालून पांच पदरी व सात पदरी पुठ्ठा करतात. माल जितका जड व प्रवास जितका लांब, तितके पदर अधिक लागतात.

खोक्याचें बळ मुख्यतः त्याच्या कोपऱ्यांत व उभ्या कडांत असतें. म्हणून खोकीं एकावर एक रचतांना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. गवंडी विटा रचतांना सांधे चुकवितो. तसें येथें केल्यास ढीग भक्कम दिसतो खरा, परंतु वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर येतो आणि तें दबतें. पुठ्ठ्यास दमटपणा लागला कीं त्याचें बळ झपाट्यानें घटतें, हेंहि लक्षांत ठेवावें. अशा रीतीनें रचलेलीं खोकीं पॅलेट नांवाच्या फळ्यांच्या पाटावर ठेवून, कोपऱ्यांस कोन लावून, पट्ट्यांनीं आवळतात. एका चाळीस फुटी कंटेनरांत असे सुमारें २० पाट मावतात.

कंटेनर ही लोखंडी पेटी आज इतकी परिचित झाली आहे कीं ती जुनीच असावी असें वाटतें. पण २६ एप्रिल १९५६ या दिवशीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन यानें 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, तेथून या युगाचा आरंभ धरतात. त्यापूर्वीं प्रत्येक गोणी व पेटी हमालांच्या पाठीवरून जहाजांत जाई. आतां मळ्याजवळ बंद केलेली पेटी परदेशांतील वखारींतच उघडते. फायदा मोठा आहे; परंतु वाटेंत कोणी डोकावून चूक सुधारील ही आशाहि त्याबरोबर संपली आहे.

थंड कंटेनरासंबंधीं एक गैरसमज पुष्कळांस असतो. त्यांना वाटतें कीं गरम माल आंत टाकला तरी तो वाटेंत थंड होईल. तो थंड मालाची थंडी राखण्यासाठीं केलेला असतो. गरम माल थंड करण्याची शक्ति त्याच्या अंगीं फारशी नसते. त्याची थंड हवा जमिनीवरील पन्हळींतून येते व मालामधून वर चढते. म्हणून खोक्यांचीं भोकें एकावर एक जुळलीं पाहिजेत, आणि आंत काढलेल्या तांबड्या रेषेच्या वर माल जातां कामा नये. वाट अडविली कीं मधला माल गुदमरतो.

असा भरलेला कंटेनर बोरघाट उतरून न्हावा-शेवा बंदरास जातो. १९८९ सालीं सुरू झालेलें तें जवाहरलाल नेहरू बंदर होय. तेथून सुएझमार्गें युरोपास सुमारें तीन आठवडे लागतात. परंतु २०२४ च्या हंगामांत तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होत असल्यामुळें पुष्कळ जहाजांस आफ्रिकेस वळसा घालावा लागला, आणि प्रवास कित्येक दिवसांनीं लांबला. ज्यानें नेमक्या तीन आठवड्यांपुरतीच बांधणी केली असेल, त्याचें त्या वर्षीं काय झालें असेल याची कल्पना तुम्हीच करा. चांगली बांधणी अपेक्षेपेक्षां थोडें अधिक सोसण्यासाठीं असते.

फळांस जसें उष्णतेचें भय, तसें यंत्रांस पाण्याचें. बंद कंटेनर दिवसा तापतो व रात्रीं निवतो. आंतील दमट हवा छतास लागून थेंब होते आणि ते थेंब मालावर ठिबकतात. बाहेर एक थेंब पाऊस नसतांहि आंत पाऊस पडतो! म्हणून लोखंडी भागांस तेल किंवा वंगण लावतात, ते गंज रोखणाऱ्या कागदांत व हवाबंद पिशवींत गुंडाळतात, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आंत ठेवतात.

लांकडी पेटीची कथा निराळी आहे. लांकडांत कीड लपून राहते व परक्या देशांतील अरण्यें पोखरते. म्हणून २००२ सालीं राष्ट्रांनीं मिळून एक नियम केला. पेटीचें किंवा पाटाचें लांकूड, त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता पोंचवून, ती सतत ३० मिनिटें राखून भाजून काढावें, किंवा दुसऱ्या मान्य रीतीनें निर्जंतुक करावें, व त्यावर गव्हाच्या ओंबीची मुद्रा उमटवावी. ती मुद्रा नसेल तर आंतील माल कितीहि उत्तम असला तरी तो बंदरांत अडतो.

मुद्रेवरून आठवलें. आमच्या बिबवेवाडीचें नांव कोठून आलें असेल तें असो. मला तें ऐकतांच बिब्बा आठवतो. पूर्वीं परीट बिब्ब्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत. शंभर घरचे कपडे एका घाटावर आले तरी ज्याचा कपडा त्यास परत मिळे. खूण धुतली तरी जात नसे. परदेशीं जाणाऱ्या पेटीवरील खूण अशीच बिब्ब्याची असली पाहिजे. माझ्या शाईसारखी ती पुसतां कामा नये. शिवाय ती अक्षरांवरच अवलंबून असूं नये. पेला काढला म्हणजे 'नाजूक', छत्री काढली म्हणजे 'पाण्यापासून जपा', वर टोंकें असलेले दोन बाण काढले म्हणजे 'ही बाजू वर', हें सर्व देशांतील हमालास समजतें.

द्राक्षाच्या खोक्यावरील खूण तर त्याहून पुढें जाते. २००६ सालीं 'ग्रेपनेट' नांवाची नोंदणीपद्धति सुरू झाली. तिच्यायोगें निर्यातीची प्रत्येक बाग नोंदली जाते, फळांचे नमुने तपासले जातात, आणि खोक्यावरील आंकड्यांवरून तें फळ कोणत्या बागेंतून आलें हें शोधून काढतां येतें. शेतकरी तेथें उभा नसतो, परंतु त्याच्या बागेची खूण तेथें असते.

पेटीबरोबर कागदहि जातात. बीजकांत किंमत असते. नगयादींत कोणत्या पेटींत काय व किती तें असतें. माल निरोगी असल्याचा सरकारी दाखला असतो. आणि जहाज कंपनीनें माल ताब्यांत घेतल्याचा 'बिल ऑफ लेडिंग' हा दस्तऐवज असतो. या सर्वांत व पेटीवर एकच आंकडा असला पाहिजे. १ जुलै २०१६ पासून तर भरलेल्या कंटेनराचें खरें वजन आधीं कळविल्यावांचून तो जहाजावर चढवितां येत नाहीं, कारण खोट्या वजनानें जहाजाचा तोल बिघडतो व माणसें प्राणांस मुकतात.

आतां शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बांधणी कितीहि चांगली असली तरी वरचा थर आणि खालचा थर सारखा नसेल तर ती व्यर्थ आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. तेव्हां लोभानें गांठींत माती, सरकी व पाणीहि भरलें जाऊं लागलें. मुंबई इलाख्यांत ही लबाडी बंद करण्यासाठीं १८६३ सालीं खास कायदा करावा लागला. लँकेशायरच्या मजुरांत तर 'सुरती कापूस' हा शब्दच निकृष्टतेचा वाचक होऊन बसला.

लबाडी नसतांहि हानि होते. २०१० सालीं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश युरोपांत सांपडला. तेथील मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम, एवढी सूक्ष्म होती. माल बंदरांत अडकला व बागाईतदारांवर कर्जाचा बोजा चढला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें फळमाशीमुळें आपल्या आंब्यास बंदी घातली. तपासणी व प्रक्रिया सुधारल्यावर ती २०१५ च्या आरंभीं उठली. माशी कांहीं पेट्यांतच होती, परंतु दार सर्वांचें बंद झालें. ज्यानें आपला आंबा जिवापाड जपला होता, त्याचेंहि. परदेशांत एकट्याची पेटी अशी नसतेच. ती सर्व गांवाची, सर्व देशाची असते.

मित्रहो, तुमची उत्तरपत्रिका तपासली जाते तेव्हां तुम्हीहि तेथें नसतां. 'मला हें येत होतें' असें सांगावयास जागा नसते. जें कागदावर उतरलें तेवढेंच तुमच्या वतीनें बोलतें. हा नियम तुम्हांस पुढें आयुष्यांत अनेक ठिकाणीं भेटेल.

गेल्या नाताळांत आमच्या घरच्या करंज्या मीं भाच्यास पाठविल्या. पत्र्याच्या डब्याच्या तळाशीं गादी घातली, प्रत्येक थरामध्यें कागद घातला, रिकाम्या जागा भरल्या. डबा खोक्यांत व तें खोकें दुसऱ्या खोक्यांत ठेवलें. बाहेर न पुसणाऱ्या शाईनें पत्ता लिहिला, आणि बाहेरचा फाटलाच तर असावा म्हणून एक पत्ता आंतहि ठेवला. पत्र प्लास्टिकच्या पिशवींत घातलें. मग खोकें कानाशीं धरून हालविलें. आंत कांहीं वाजलें नाहीं. भाच्याचें उत्तर आलें, "मामा, दोन करंज्या मोडल्या. पत्र मात्र सबंध वाचतां आलें."